5 कोटी प्रती खपलेल्या पुस्तकाचा डॉक्टर, ज्याचा एक सल्ला बाळांच्या जीवावर बेतला

रात्रीचे दोन वाजलेत. तीन महिन्यांचं बाळ काही केल्या झोपत नाहीये. भूक लागली असेल की पोटात दुखत असेल? उचलून घ्यावं की रडू द्यावं? उचललं तर सवय लागेल का?

आज अशा वेळी हात मोबाईलकडे जातो. 1946 नंतरची कित्येक वर्षं अमेरिकेतल्या आईबापांचा हात एका जाडजूड पण स्वस्त पुस्तकाकडे जायचा. ते लिहिलं होतं डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांनी. स्टार ट्रेकमधला टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक वेगळा, त्याचा यांच्याशी काही संबंध नाही. हे डॉक्टर चांगले सव्वासहा फूट उंच होते, ऑलिम्पिकचं सुवर्णपदक त्यांच्या नावावर होतं आणि पुढे सरकारने त्यांच्यावर कटाचा खटलाही भरला. पण जगाला ते माहीत झाले ते बाळाचं खाणं, झोप, शी-शू आणि रडणं यावर लिहिणारे डॉक्टर म्हणून.

बेंजामिन यांचा जन्म 2 मे 1903 चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरातला. वडील रेल्वे कंपनीचे वकील. सहा भावंडांत बेंजामिन सगळ्यात थोरला. घरात चालायचं ते आईचं, आणि आई चालायची ती डॉक्टर ल्यूथर एमेट होल्ट यांच्या पुस्तकाप्रमाणे. 1894 साली आलेलं होल्ट यांचं पुस्तक म्हणजे त्या काळचा बालसंगोपनाचा कायदाच होता. दूध घड्याळ लावून द्यायचं, झोपेची वेळ ठरलेली, लाड कमी आणि मोकळी हवा भरपूर. मोकळी हवा किती, तर स्पॉकांच्या घरची पोरं थंडीतसुद्धा उघड्या व्हरांड्यात झोपायची.

आज हे वाचून होल्ट खलनायक वाटतील, पण त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. तेव्हा शहरांत मिळणारं दूध घाण असायचं, फ्रीज नव्हते आणि हगवणीने बाळं पटापट दगावायची. 1915 च्या आसपास अमेरिकेत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे 100 बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. अशा काळात दूध मोजून, उकळून, वेळेवर द्या असं सांगणारा डॉक्टर जीव वाचवत होता. घोळ पुढे झाला. स्वच्छतेसाठी आलेली शिस्त हळूहळू मायेवरच लागू झाली. 1928 साली जॉन वॉटसन या नामांकित मानसशास्त्रज्ञाने पालकांसाठी पुस्तक लिहिलं. मुलांना कुशीत घेऊ नका, मुके घेऊ नका आणि सकाळी फार तर हस्तांदोलन करा, असा त्याचा सल्ला होता. बाळ भुकेने कळवळत असलं तरी घड्याळात वेळ झाली नाही म्हणून दाराबाहेर रडत बसलेल्या आया त्या काळात होत्या.

अशा घरात वाढलेला बेंजामिन येल विद्यापीठात गेला. उंचीमुळे तो होडी वल्हवण्याच्या संघात आला आणि 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये येलच्या आठ जणांच्या संघाने अमेरिकेला सुवर्णपदक मिळवून दिलं. डॉक्टरकीकडे तो वळला ते मात्र अपंग मुलांच्या एका संस्थेत उन्हाळी काम केल्यावर. तिथे डॉक्टर मुलांसाठी काय करू शकतात हे त्याने जवळून पाहिलं. वैद्यकीय शिक्षण येलमध्ये सुरू झालं आणि कोलंबिया विद्यापीठात पूर्ण झालं. 1929 साली तो वर्गात पहिला आला. त्याआधी 1927 मध्ये जेन चेनी यांच्याशी लग्न झालं होतं. जेन हे नाव लक्षात ठेवा.

बालरोगाचं शिक्षण घेतल्यावर स्पॉक यांनी तेव्हा कोणी न केलेली गोष्ट केली. त्यांनी मानसोपचार आणि मनोविश्लेषणाचंही रीतसर प्रशिक्षण घेतलं. कारण साधं होतं. आया दवाखान्यात येऊन जे विचारायच्या त्याची उत्तरं बालरोगाच्या पुस्तकात नव्हती. मूल अंगठा चोखतं, घास थुंकतं, रात्री चार वेळा उठतं, दोन वर्षांचं झालं तरी भांड्यावर बसत नाही. यातला एकही आजार नाही, पण घराची झोप उडवायला हे पुरेसं आहे. 1933 साली, ऐन महामंदीत, त्यांनी न्यूयॉर्कमध्ये दवाखाना थाटला आणि पुढची दहाएक वर्षं आयांचं हेच गाऱ्हाणं ऐकलं. फ्रॉइड वाचून आयांना जसाच्या तसा सांगता येत नाही हेही त्यांना इथेच कळलं. आईला सिद्धांत नको असतो, आज रात्री काय करायचं ते हवं असतं.

त्याच सुमारास पॉकेट बुक्स या प्रकाशनाला आईबापांसाठी स्वस्तातलं पुस्तक हवं होतं. किंमत फक्त 25 सेंट. प्रकाशनाच्या माणसाने सांगितलं होतं की एवढ्या किमतीत पुस्तक फार चांगलं असलं नाही तरी चालेल, तसंही खपेल. स्पॉक रात्री खोलीत येरझाऱ्या घालत बोलायचे आणि जेन टाइपरायटरवर उतरवून घ्यायच्या. वाक्य कळलं नाही की त्या अडवायच्या, वैद्यकीय माहिती तपासून घ्यायच्या. म्हणून ते पुस्तक वाचताना डॉक्टर लिहितोय असं वाटत नाही, समोर बसून बोलतोय असं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात स्पॉक नौदलात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून रुजू झाले तेव्हाही काम सुरूच होतं. जुलै 1946 मध्ये पुस्तक बाजारात आलं. जाहिरात जवळपास शून्य, तरी पहिल्याच वर्षात साडेसात लाख प्रती गेल्या.

वेळ अचूक साधली होती. युद्धावरून सैनिक घरी परतले होते, लग्नं होत होती आणि अमेरिकेत बाळांची लाट आली होती. त्यातली बरीच जोडपी नोकरीसाठी आईवडिलांपासून दूर, नव्या वसाहतींत राहायला गेलेली. शेजारी आजी नाही, आत्या नाही, मावशी नाही. स्पॉक यांचं पुस्तक त्या घरातली आजी झालं.

त्यात नेमकं काय होतं? सगळ्यात आधी आईबापांना धीर. स्वतःच्या समजुतीवर भरवसा ठेवायला त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. 1946 साली एका डॉक्टरने असं सांगणं म्हणजे गंमत नव्हती, कारण तोवरचे सगळे डॉक्टर आईला काही कळत नाही असं गृहीत धरूनच लिहायचे. मग एकेक प्रश्न. बाळाला भूक लागेल तेव्हा पाजा, घड्याळाचे गुलाम होऊ नका. अंगठा चोखतं म्हणून हात बांधू नका, कडू औषध लावू नका, ती चोखण्याची गरज असते. शी-शूचं वळण मुलाची तयारी दिसल्यावर लावा. बाळाला जवळ घ्या, त्याने ते बिघडत नाही.

मूल जेवत नाही ही तर घरोघरची तक्रार. इथे स्पॉक यांनी क्लारा डेव्हिस या डॉक्टर बाईंच्या प्रयोगाचा आधार घेतला. त्यांनी शिकागोमध्ये नुकतंच दूध सोडलेल्या 15 बाळांसमोर साधे, प्रक्रिया न केलेले 34 पदार्थ आळीपाळीने मांडले आणि काय, किती खायचं ते बाळांवर सोडलं. एखादं बाळ एका दिवशी नुसती अंडीच खायचं, दुसऱ्या दिवशी फळं. पण एकूण हिशेब केला तर सगळी धडधाकट वाढली. मुडदूस झालेलं एक बाळ तर कॉड लिव्हर ऑइल आपणहून प्यायचं, आणि हाडं बरी झाल्यावर त्याने ते सोडलं. यावरून स्पॉक यांनी पालकांना सांगितलं की चमचा घेऊन मुलाच्या मागे धावू नका. अर्थात त्या ताटात बिस्किट, चॉकलेट आणि साखर नव्हती, ही मेख डेव्हिस यांनीच नमूद केली होती. प्रयोगाचा दाखला देणारे ती हमखास विसरतात.

पुढे स्पॉक यांच्यावर आरोप झाला की त्यांनी पोरांना डोक्यावर चढवायला शिकवलं. पण झोपेबद्दल ते चांगलेच कडक होते. उशाशी कोणी बसल्याशिवाय झोपायचंच नाही असा हट्ट धरणाऱ्या बाळाला प्रेमाने पण ठामपणे झोपायला सांगून खोलीबाहेर पडावं आणि परत जाऊ नये, असा त्यांचा सल्ला होता. पहिल्या रात्री बाळ वीस-तीस मिनिटं रडेल, मग दिवसागणिक कमी होईल असा त्यांचा हिशेब. आज ज्याला स्लीप ट्रेनिंग म्हणतात आणि ज्यावरून पालकांच्या ग्रुपवर भांडणं लागतात, ते या लाडावणाऱ्या डॉक्टरच्या पुस्तकात होतं.

आता त्या एका सल्ल्याकडे येऊ.

बाळाला कसं झोपवायचं? पाठीवर की पोटावर? सुरुवातीच्या आवृत्तीत स्पॉक याबाबत आग्रही नव्हते. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मात्र पुस्तकात पोटावर झोपवण्याचा सल्ला आला. कारणं दोन दिली होती. एक, पाठीवर झोपलेल्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकून जीव गुदमरेल. दोन, सतत पाठीवर झोपून डोकं मागून चपटं होईल. दोन्ही कारणं ऐकायला पटतात. डोकं चपटं होण्याची भीती तर आपल्याकडेही आहेच, मोहरीची उशी त्यासाठीच असते. शिवाय पोटावर झोपवलेली बाळं गाढ झोपतात हा आयांचा अनुभव होता, तोही खोटा नव्हता.

पण घात तिथेच होता. पोटावरचं बाळ गाढ झोपतं म्हणजे श्वासाला अडचण आली तरी चटकन जागं होत नाही. तोंड गादीत असलं तर स्वतःचीच सोडलेली हवा पुन्हा आत घेतली जाते आणि अंगातली उष्णताही नीट बाहेर पडत नाही. उलटीची भीती तर उलटीच निघाली. पाठीवर झोपल्यावर श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला असते, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला चढ चढावा लागतो. पोटावर झोपल्यावर हे उलट होतं आणि दूध श्वासनलिकेच्या तोंडाशी साठू शकतं.

धडधाकट बाळ रात्री झोपतं आणि सकाळी उठत नाही, शवविच्छेदनातही कारण सापडत नाही, अशा मृत्यूंना सडन इन्फंट डेथ सिंड्रोम, म्हणजे सिड्स म्हणतात. पोटावर झोपवण्याची पद्धत फक्त स्पॉक यांनी आणली असं नाही. त्या काळी अनेक डॉक्टर आणि पाठ्यपुस्तकं तेच सांगत होती. पण कोणाचाही आवाज स्पॉक यांच्याएवढा घराघरांत पोचत नव्हता. 1970 च्या दशकात नेदरलँड्समध्ये पोटावर झोपवायला सुरुवात झाली आणि तिथे असे मृत्यू वाढले. 1985 साली हाँगकाँगमधून लक्षात आणून देण्यात आलं की तिथली बाळं परंपरेने पाठीवर झोपतात आणि तिथे असे मृत्यू अगदी तुरळक आहेत. मग न्यूझीलंडमध्ये मोठा अभ्यास झाला आणि शंका उरली नाही. 1991 साली ब्रिटनमध्ये मोहीम निघाली. 1992 मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पोटावर झोपवू नका असं सांगितलं आणि 1994 मध्ये तिथे देशभर मोहीम सुरू झाली. पुढच्या दहाएक वर्षांत अमेरिकेतलं सिड्सचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. त्यासाठी नवं औषध लागलं नाही की लस, फक्त बाळाची कूस बदलली.

सगळ्यात जिव्हारी लागणारा हिशेब 2005 साली आला. ब्रिटनमधल्या संशोधकांनी जुने सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. पोटावर झोपवलेल्या बाळांना पाठीवरच्या बाळांपेक्षा जवळपास तिप्पट धोका आहे, हे 1970 सालीच उपलब्ध असलेल्या आकड्यांतून कळू शकलं असतं. ते आकडे तेव्हाच कोणी नीट जोडून पाहिले असते तर एकट्या ब्रिटनमध्ये 10 हजारांहून जास्त आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड मिळून किमान 50 हजार बाळं वाचली असती, असा त्यांचा अंदाज आहे. स्पॉक यांचा हेतू वाईट नव्हता, तर्कही चुकीचा वाटत नव्हता. पण तो नुसता तर्क होता, कोणी मोजून पाहिलं नव्हतं. वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पुराव्याचं महत्त्व शिकवताना आज हे उदाहरण दिलं जातं.

पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये हा सल्ला बदलला. आज बालरोगतज्ज्ञ सांगतात ते असं: पहिलं वर्षभर बाळाला पाठीवर, सपाट आणि टणक अंथरुणावर झोपवा, आजूबाजूला उशी, मऊ खेळणी, सैल पांघरूण नको. पोटावर ठेवायचं ते जागं असताना आणि कोणी समोर बसलेलं असताना. त्याने मान आणि खांदे बळकट होतात आणि डोकंही चपटं होत नाही.

तर हे झालं पाळण्यातलं. स्पॉक यांचं उरलेलं आयुष्य रस्त्यावर गेलं.

1960 च्या आसपास अणुचाचण्यांमुळे स्ट्रॉन्शियम-90 हे किरणोत्सारी द्रव्य गवतात, तिथून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडां-दातांत उतरत होतं. मुलांना दूध प्यायला सांगणाऱ्या डॉक्टरला यावर गप्प बसता येईना. 1962 मध्ये ते अण्वस्त्रविरोधी चळवळीत उतरले. मग व्हिएतनाम युद्ध आलं. ज्या पोरांना आपल्या पुस्तकावर वाढवलं तीच आता अठरा-वीस वर्षांची होऊन युद्धावर जात होती. एप्रिल 1967 मध्ये न्यूयॉर्कच्या मोर्चात ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत चालले. 1968 साली तरुणांना सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध चिथावल्याबद्दल त्यांच्यासह पाच जणांवर कटाचा खटला झाला, दोन वर्षांची शिक्षाही सुनावली गेली. पुढच्याच वर्षी अपिलात ती रद्द झाली. 1972 मध्ये ते पीपल्स पार्टीतर्फे चक्क राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि 80 हजारांच्या आत मतं मिळाली.

विरोधकांना मुद्दा आयताच मिळाला होता. लांब केस वाढवून निदर्शनं करणारी ही पिढी स्पॉक यांच्या लाडांमुळेच बिघडली, असा प्रचार धर्मोपदेशक नॉर्मन व्हिन्सेंट पील आणि उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांनी केला. झोपेबद्दलचं प्रकरण त्यांनी वाचलं असण्याची शक्यता कमीच.

स्त्रीवादी चळवळीचा मुद्दा वेगळा होता, आणि खरा होता. पुस्तकात बाळ म्हणजे कायम मुलगा, आणि त्याचं करायचं ते आईने. बाप सुट्टीला मदत करणारा. स्पॉक यांनी आधी बचाव केला, मग ऐकून घेतलं आणि 1976 च्या आवृत्तीत बापाच्या जबाबदारीसह बरंच काही बदललं.

त्याच वर्षी त्यांच्या घरातही मोठा बदल झाला. जवळपास पन्नास वर्षांच्या संसारानंतर जेन आणि त्यांचा घटस्फोट झाला. रात्रंदिवस टाइप करून, सुधारून जेन यांनी जे पुस्तक उभं केलं त्याच्या मुखपृष्ठावर त्यांचं नाव नव्हतं, आणि ही खंत त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली होती. मधल्या काळात नैराश्य आणि दारू या दोन्हींशी त्या झगडल्या. स्पॉक यांनी मेरी मॉर्गन यांच्याशी दुसरं लग्न केलं, त्या त्यांच्यापेक्षा 40 वर्षांनी लहान होत्या. जगाला मुलांना जवळ घ्या सांगणारे वडील आपल्याशी मात्र कोरडेपणाने वागायचे, असं त्यांच्या दोन्ही मुलांनी सांगितलं आहे. होल्टच्या पुस्तकावर वाढलेला मुलगा स्पॉक यांच्यातून पुरता गेला नव्हता.

इथे एका अफवेचा खुलासा करायला हवा. डॉक्टर स्पॉकच्या स्वतःच्या मुलानेच आत्महत्या केली, म्हणून त्याचं पुस्तक फेकून द्या, असा मजकूर इंटरनेटवर अधूनमधून फिरत असतो. तो खोटा आहे. मायकेल आणि जॉन ही दोन्ही मुलं सरळ आपापल्या उद्योगाला लागली, मायकेल तर बोस्टनच्या मुलांच्या संग्रहालयाचे नावाजलेले संचालक होते. 1983 साली आत्महत्या झाली ती त्यांच्या नातवाची. तो गंभीर मानसिक आजाराशी झुंजत होता आणि त्याचा पुस्तकातल्या सल्ल्यांशी संबंध जोडायला काही आधार नाही.

म्हातारपणी स्पॉक बराच काळ शिडाच्या होडीवर राहिले. तब्येत ढासळल्यावर त्यांनी मांस आणि दूध सोडलं, बरं वाटू लागलं आणि त्यांनी शेवटच्या आवृत्तीत दोन वर्षांवरच्या मुलांनाही दूध-मांसाशिवायचा आहार सुचवला. यावर त्यांच्याच क्षेत्रातल्या डॉक्टरांनी नापसंती दाखवली. स्वतःच्या अनुभवावरून सगळ्यांना सल्ला देण्याची खोड शेवटपर्यंत होती म्हणायची.

15 मार्च 1998 रोजी कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ ला होया इथे, वयाच्या 94 व्या वर्षी ते गेले. तोवर पुस्तकाच्या सुमारे 5 कोटी प्रती खपल्या होत्या आणि सुमारे 40 भाषांत ते पोचलं होतं. सातवी आवृत्ती त्याच वर्षी आली. पुढे डॉक्टर रॉबर्ट नीडलमन यांनी ते काम हाती घेतलं आणि 2018 साली दहावी आवृत्ती निघाली. त्यात बाळाला पाठीवरच झोपवायला सांगितलं आहे.